भरती की सुकती

खेळ एकच. नाव इंग्रजीत, लांबलचक,
आम्ही म्हणायचो पाणबुड्या.
खाली जायचं, मोती घ्यायचा,
श्वास संपायच्या आत वर यायचं.
पण तीन यंत्रांवर तीन समुद्र होते,
आणि दाभोळच्या धक्क्यावर बसून आम्ही भांडायचो
त्यातला खरा कुठला.

दापोलीच्या शाळेतला सरकारी.
चपला बाहेर, जोगळे सर दाराशी,
आठवड्याला वीस मिनिटं, एका खुर्चीवर तिघं.
तिथला पाणबुड्या चपळ, सुळकन वळायचा,
पण रंग मोजून चार, त्यात काळा धरून.
मासे पिवळे, मोती पिवळा, श्वासाची पट्टीही पिवळी.
गणवेश घातलेला समुद्र.

डॉक्टर साठ्यांच्या वैजयंतीकडचा काळा, इवलासा,
बटणं खोडरबराची.
तो कॅसेटवरून चढायचा. पाच मिनिटं किंचाळी,
कोयतीला धार लावावी तशी,
आणि मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.
तिथे पाणबुड्या ज्याच्या शेजारून जाई
त्याच्याच रंगाचा होई:
शेवाळापाशी हिरवा, खडकापाशी तांबडा,
मुशी अंगावर आली की तीही आमच्याच रंगाची.
आम्ही हसायचो.
वैजयंती म्हणायची, हा दोष नव्हे, हा लळा.

मुजफ्फर परकारचे अब्बा कुवेतहून आले
तेव्हा ब्लँकेटात गुंडाळून तिसरा आला.
चालू केला की आधी अरबी, उजवीकडून.
मुजफ्फरला अक्षरं लागायची, अर्थ नाही.
आम्हाला तरी 'गेम ओव्हर' कुठे कळलं होतं,
खाऊन टाकणाऱ्या माशाचं ते नाव
असं मी सहावीपर्यंत समजत होतो.
त्याचा समुद्र सगळ्यात निळा, तीन सुरांत वाजणारा.
फक्त एका ओळीत चार मासे आले
की पाचवा दिसेनासा व्हायचा.
असायचा तिथेच. लागायचा, जीव घ्यायचा.
"पाचवा खय गेला?" आम्ही ओरडायचो.
"कुवेतला," मुजफ्फर म्हणायचा.
दोन ईदा पुरला तो विनोद.
मग तोही गेला.

त्याआधी एकदा धाकू तांडेल
बर्फाचे पैसे मागायला परकारांच्या पडवीत आला
आणि उभ्याउभ्या बघत राहिला.
लुंगीचं पाणी लादीवर टपकत होतं.
आम्ही त्याला तिन्ही समुद्र समजावले,
उड्या, रंग, आवाज, सगळं.
तो म्हणाला, "ता ऱ्हावदे.
पानी भरतीचा हाय का सुकतीचा?"

कुणालाच सांगता येईना.
तिन्हीकडे पाणी उभंच होतं,
बाटलीतल्यासारखं.

आता माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान, धक्क्याला लागून.
शाळेने भंगारात काढलेला मी किलोवर घेतला.
मुजफ्फरचा, घर विकताना, त्याच्या बहिणीने आणून दिला.
खाऱ्या हवेनं पिना हिरव्या झालेल्या;
टूथब्रश, रॉकेल, पंधरा दिवस.
एका रविवारी दोन्ही शेजारी मांडले, वही घेतली.
शाळा: वळण लवकर, आवाज घोगरा.
परकार: आवाज चांगला, वळण उशिरा.
पाचवा मासा अजून दिसत नाही. दोनदा मेलो.

वैजयंतीचं यंत्र कुठे गेलं कुणास ठाऊक.
कॅसेट मिळाली फक्त, पेटीत, बुरशी पुसून.
साध्या टेपवर लावली.
तीच किंचाळी, पाच मिनिटं, मी पूर्ण ऐकली,
गिऱ्हाईक पंपाचं विचारत होतं, हातानेच थांबवलं.
मग नुसती खरखर,
आणि तिचा आवाज, अकरा वर्षांचा,
कुणाला तरी, बहुतेक मलाच:
"हळू बोल ना. आपण पण चढू त्यात."

वहीत तिच्या नावापुढे काय लिहावं सुचेना.
दाराबाहेर लाँचचा दोर सैल होऊन लोंबत होता,
खालचा चिखल उघडा पडायला लागला होता.
लिहिलं: सुकती.